पाडवा ते अक्षय्यतृतीया : घराजवळचे 32 दिवस

पाडव्याला गुढीसाठी कडुलिंबाची डहाळी आणाल, ती बांधण्याआधी एकदा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकून बघा. फुलांचा पांढरट चुरा पडेल आणि त्यातला थोडा चुरा चालू लागेल. तिळापेक्षाही बारीक फुलकिडे, वाट चुकलेली एखादी मुंगी, नशीब असेल तर पाय दोन्ही बाजूंना पसरून तिरका चालणारा, खेकड्यासारखा दिसणारा पांढुरका कोळी. पाच मिनिटं पाहून सगळ्यांना झाडाशी नेऊन सोडा, मग गुढी उभारा. माझ्या वहीतली दर वर्षाची पहिली नोंद हीच असते.

वसंत म्हटलं की आपण पळस, पांगारा, काटेसावर बघायला गावाबाहेर जातो. जावंच. पण चैत्रातली बरीचशी लगबग कढीपत्त्याच्या कुंडीत, गॅलरीच्या कोपऱ्यात आणि सोसायटीच्या कुंपणभिंतीवर चाललेली असते. ती दिसायला रोज त्याच जागी परत यावं लागतं. पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत साधारण 32 दिवस होतात. कढीपत्ता आणि लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराची अंड्यापासून पंखांपर्यंतची एक पिढी उन्हाळ्यात जवळपास तेवढ्याच काळात पुरी होते. म्हणून मी ही मुदत धरते. पाडवा उलटून गेला असेल तरी हरकत नाही, आज सुरू करा आणि पुढचे 32 दिवस मोजा.

आधी जागा ठरवा

दारापासून वीस पावलांच्या आत एक जागा निवडा. एक कुंडी, एक झाड, भिंतीचा दोन हात तुकडा, काहीही चालेल. अट एकच, ती जागा रोज तुमच्या वाटेत असली पाहिजे. टेकडीवरची सुंदर जागा निवडाल तर चौथ्या दिवशी कंटाळा येईल. स्वयंपाकघराच्या खिडकीतली कुंडी निवडाल तर चहा उकळेपर्यंत पाहून होतं.

निवडताना तीन गोष्टी बघा. तिथे काहीतरी कोवळं फुटत असावं, कारण अळ्यांना आणि माव्याला कोवळी पालवी लागते. सकाळचं ऊन यावं. आणि तिथे औषध फवारलं जात नसावं. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. एका वर्षी माझ्या निरीक्षणाच्या अठराव्या दिवशी आमच्या आवारात डासांसाठी धूरफवारणी झाली आणि दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या झुडपावरून कोळ्यांसकट सगळं नाहीसं झालं. तेव्हापासून मी महिन्याच्या सुरुवातीलाच फवारणीचा दिवस विचारून घेते आणि माझ्या कोपऱ्यापुरती ती टाळण्याची विनंती करते. विनंती बहुतेक वेळा मान्य होते.

वेळ सकाळी साडेसहा ते नऊ किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. विदर्भ-मराठवाड्यात सकाळची वेळ आणखी अलीकडे ओढा. एप्रिलच्या दुपारी बहुतेक छोटे जीव पानाखाली, सालीच्या फटीत नाही तर मातीत दडलेले असतात. फुलपाखरं मात्र ऊन थोडं तापल्यावरच उडतात, त्यांच्यासाठी नऊ ते अकरा बरं.

सामान

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, जे घड्याळजी आणि सोनार वापरतात, तेवढं एक विकत घ्या. ते वापरायची रीत बहुतेकांना ठाऊक नसते. हात लांब करून वस्तूवर धरलं तर काहीच धड दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि वस्तू, किंवा स्वतःचं डोकं, भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आणा. पहिल्यांदा मुंगीचा चेहरा स्पष्ट दिसला की हात आपोआप सरावतो.

बाकीचं घरातच असतं. दोनशे पानी वही आणि पेन्सिल, पाण्याची फवारणी करायची बाटली, टॉर्च, एक पांढरा कागद, जुना मऊ रंगाचा ब्रश आणि झाकणाला भोकं पाडलेली पारदर्शक डबी. किडा कधी चिमटीत धरायचा नाही, ब्रशने कागदावर घ्यायचा. मोबाइलला लावायचं क्लिपचं मॅक्रो लेन्स असेल तर छान, नसलं तरी अडत नाही. मुलं सोबत असतील तर फोल्डस्कोप जरूर मिळवा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत घडलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक आहे, घडी घालून खिशात मावतो.

पहिल्या दिवशी फक्त बसा

पहिल्या दिवशी काही शोधू नका. पाट किंवा छोटं स्टूल घेऊन जागेसमोर पंधरा मिनिटं बसा. फोटो नाही, नोंद नाही. पहिली चार-पाच मिनिटं काहीच दिसत नाही, कारण तुम्ही आल्यामुळे सगळे थिजलेले असतात. मग पानाच्या कडेची एक ‘काडी’ सरकते. ज्याला डाग समजलात तो उडून शेजारच्या पानावर बसतो. मुंग्यांची रांग कुठून येऊन कुठे जाते हे लक्षात येतं. ती रांग डोळ्यांनी शेवटपर्यंत नेण्याचा प्रयत्न करा. रांगेच्या टोकाशी काहीतरी पाहण्याजोगं असतंच.

सावली झाडावर पडू देऊ नका. अचानक पडलेली सावली म्हणजे पक्षी, असा छोट्या जिवांचा हिशोब असतो.

कढीपत्ता : एका झाडावर एक पूर्ण आयुष्य

आता मुख्य कामाला लागू. कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर कोवळ्या, पोपटी पानांवर, कडेला किंवा शेंड्याला, मोहरीच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल गरगरीत अंडं शोधा. बहुधा एकेकटं असतं. ते लाइम बटरफ्लायचं असेल किंवा कॉमन मॉरमॉनचं, अंड्यावरून ठरवायच्या फंदात पडू नका. मादी अंडी घालताना दिसली तर आणखी उत्तम. ती फुलांकडे जात नाही. पानापानावर क्षणभर टेकते, पंख फडफडत ठेवते आणि पुढच्या पायांनी पान चाखते. हो, पायांनीच. पान योग्य वाटलं की पोट वाकवून एक अंडं चिकटवते आणि निघते. कढीपत्त्याशी असं घुटमळणारं काळं फुलपाखरू बहुतेक वेळा मॉरमॉनची मादी असते. तिच्यातल्या काही माद्या अंगावर लाल-पांढरे ठिपके मिरवतात, कारण पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या कॉमन रोज फुलपाखराची ती नक्कल असते.

ज्या डहाळीवर अंडं आहे तिला सैलसा दोरा बांधा, म्हणजे रोज शोधाशोध नको. तीन-चार दिवसांत अंड्याचा रंग गडद होतो आणि अळी बाहेर येते. ती बहुधा आधी अंड्याचं कवचच खाते, तो क्षण सापडला तर चुकवू नका. अंडं एकदम काळं पडलं आणि त्याला बारीक भोक दिसलं, तर मात्र आतून अळी निघालेली नसते. फुलपाखराच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशीच्या नात्यातली माशी तिथे वाढून गेलेली असते. मला पहिल्यांदा याचं वाईट वाटलं होतं. पुढे कळलं की बरीच अंडी अशीच संपतात, आणि म्हणूनच कढीपत्ता उरतो.

अळी पाच अवस्थांतून जाते. पहिल्या चार अवस्थांत ती काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. पानाच्या मधोमध उघड्यावर बसते आणि कोणी तिला खात नाही. पाचव्या अवस्थेत कात टाकून एकदम हिरवी होते, कारण आता तिच्या आकाराची विष्ठा कोणाला खरी वाटणार नाही. या टप्प्यावर ब्रशच्या केसांनी पाठीला अगदी हलका स्पर्श करा, एकदाच. डोक्यामागून लालसर, दोन शिंगांचा मऊ अवयव बाहेर येईल आणि आंबट, उग्र वास सुटेल. हे तिचं मुंग्यांविरुद्धचं हत्यार. ते वापरायला तिची ताकद खर्च होते, म्हणून पाहुणे आले की पुन्हा पुन्हा दाखवायचं नाही.

रोज तीन गोष्टी लिहा. अळीची लांबी (कागदाच्या पट्टीवर मिलिमीटर आखून शेजारी धरा), कालपासून किती पानं संपली, आणि ती आत्ता काय करते आहे. शेवटच्या तीन-चार दिवसांत ती आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त खाते, हे आकड्यांत पाहणं फार मजेचं असतं. फोडणीला पानं उरणार नाहीत अशी भीती वाटली तर सांगते, कढीपत्ता पंधरवड्यात परत फुटतो. त्याची छाटणी झाली असंच समजा.

मग एक दिवस अळी खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि भराभर चालू लागते. हाच तिचा हरवायचा दिवस. काठीवर, कुंडीच्या कडेला, कधी दहा फूट लांब ग्रिलवर जाऊन ती कंबरेला रेशमाचा एक धागा बांधून कलून बसते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोष असतो. हिरव्या फांदीवर बहुधा हिरवा, वाळक्या काठीवर तपकिरी. साधारण आठ-दहा दिवसांनी कोष काळपट होतो आणि आतल्या पंखांची नक्षी दिसू लागते. त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडतानाच बाहेर बसा. फुलपाखरू सकाळी लवकर निघतं.

कोष घरात आणू नका. आणावाच लागला तर ही चूक करू नका : मी एकदा पावशेराच्या बरणीत काडीसकट कोष ठेवला होता. फुलपाखरू निघालं तेव्हा त्याला उलटं लटकून पंख खाली सोडायला जागाच मिळाली नाही. पंख चुरगळलेलेच सुकले आणि ते कधीच उडालं नाही. निघाल्यावर पहिल्या तासात पंख पूर्ण पसरायला मोकळी जागा आणि धरायला खरखरीत काडी लागते. उघड्या टोपलीवर मच्छरदाणीचं कापड टाकलं तरी पुरतं.

घराशेजारी दाट झाडी आणि लिंबाच्या जातीची झाडं असतील, तर मखमली काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं, तळहाताहून मोठं ब्ल्यू मॉरमॉनही येईल. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं आपलं पहिलं राज्य.

माव्याला शत्रू समजण्याआधी

शेंड्यावर, कळ्यांवर चिकटलेला हिरवा, काळा किंवा पिवळा मावा दिसला की पहिला हात साबणाच्या पाण्याकडे जातो. एका फांदीवरचा तरी आठवडाभर राहू द्या. भिंग लावलंत तर मोठ्या माव्याच्या मागून छोटा मावा थेट जन्मताना दिसेल. या दिवसांत माद्या नराशिवायच पिल्लं देतात, म्हणूनच चार दिवसांत शेंडा भरतो. पोटाच्या टोकाशी गोड पाण्याचा थेंब येतो आणि मुंगी मिशांनी थापटून तो मागून घेते.

मग पाहुणे येतात, बहुधा याच क्रमाने. आधी केसासारख्या देठावर टांगलेली पांढरी अंडी, ही क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या कीटकाची. मग पिवळी-काळी, हवेत एका जागी तरंगणारी सिरफिड माशी, तिची बिनपायाची अळी मावा उचलून शोषते. शेवटी ढालकिडा. त्याचं लालबुंद रूप सगळे ओळखतात, पण त्याची अळी काळपट, काटेरी, इवल्याशा मगरीसारखी असते आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. तिने दहा मिनिटांत किती मावा खाल्ला ते मोजा. माव्यात एखादा फुगून तपकिरी, कागदी झालेला आणि पाठीला गोल भोक असलेला दिसला, तर त्यातूनही एक परजीवी माशी वाढून उडून गेली आहे.

मुंग्या या पाहुण्यांना हाकलतात का, हा आठवडाभराचा प्रश्न घ्या. दोन शेंडे निवडा, एक मुंग्यांच्या रांगेतला, दुसरा रांगेबाहेरचा. दोन्हींवरचे ढालकिडे रोज मोजा.

रुईच्या झुडपाशी

पडक्या प्लॉटवर, नाल्याकाठी, मारुतीच्या देवळामागे रुई असतेच. पानाखाली काळी-पांढरी-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी म्हणजे प्लेन टायगर फुलपाखराची. ती लपत नाही, कारण रुईचा विषारी चीक पचवून तिने तो अंगात साठवलेला असतो आणि पक्ष्यांना ते ठाऊक असतं. फुलांवर निळसर चमक असलेल्या पंखांचा मोठा काळा भुंगा येतो. त्याच्या पायांना रुईचे पिवळसर परागांचे पुंजके अडकलेले दिसतात का बघा. रुईचे पराग सुटे उडत नाहीत, असे जोडीने अडकूनच फुलाफुलांत जातात.

चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. मुलांना पान तोडू देऊ नका आणि पाहून झाल्यावर हात धुवा.

भिंत आणि घराचे कोपरे

झाड नसलेल्या घरांसाठी हा भाग. आधी न्हाणीघर. भिंतीवर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, पंखांवर लव असलेली करडी माशी बसलेली असते. तिची पिल्लावळ मोरीच्या नळीतल्या गाळावर जगते आणि ती चावत नाही. मग खोलीचा वरचा कोपरा, जिथे लांबलचक पायांचा कोळी उलटा लटकतो. त्याच्या जाळ्याला गवताच्या काडीने हलकेच छेडा. तो स्वतःला इतक्या वेगाने हलवतो की दिसेनासा होतो. मादी तोंडात अंड्यांचा गोळा धरून दिवसेंदिवस तशीच राहते.

आता भिंतीवरचा तो करडा, चपटा, भोपळ्याच्या बीसारखा तुकडा, जो तुम्ही झाडूने दर आठवड्याला काढता. तो उचलून कागदावर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. एका टोकातून छोटं डोकं बाहेर येईल आणि तुकडा चालू लागेल. हे एका पतंगाच्या अळीचं घर. रेशमाला धूळ, वाळू आणि केस चिकटवून तिने ते बांधलेलं असतं. दोन्ही टोकं उघडी असल्याने ती हव्या त्या बाजूने डोकं काढते. पुस्तकं खाणारी चंदेरी कसर वेगळी.

खिडकीच्या चौकटीत, कपाटामागे, प्लगच्या भोकात मातीचं घर बांधणारी कुंभारीण हा चैत्रातला माझा सर्वांत आवडता जीव. तिच्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा. पाण्याच्या वाडग्याजवळ ओली माती केली तर ती तिथूनच गोळे नेते. एका खोलीला किती खेपा लागतात, एका खेपेला किती वेळ, हे घड्याळ लावून लिहा. खोली बांधून झाली की ती जातीप्रमाणे अळ्या किंवा कोळी आणते. डंख मारून ते लुळे केलेले असतात, मेलेले नसतात, म्हणून पिल्लाला ताजं अन्न मिळतं. संतवाङ्मयातला भृंगी-कीटकाचा दृष्टान्त याच घरट्याकडे पाहून आला आहे. आत कोंडलेल्या अळीचीच ध्यासाने भृंगी, म्हणजे कुंभारीण माशी, होते असं लोकांना वाटे, कारण आत जाताना अळी दिसे आणि बाहेर पडताना माशी. मधली गोष्ट बंद खोलीत घडत होती. आपल्या पूर्वजांनी आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा नीट पाहिलं होतं, याचं मला अप्रूप वाटतं.

उन्हाच्या भिंतीवर उड्या मारणारे कोळी असतात. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर बोट हळू फिरवा. ते चटकन तुमच्याकडे वळतील आणि पुढचे दोन मोठे डोळे तुमच्यावर रोखतील. याच कुळातल्या एका नव्या जातीची नोंद 2021 साली ठाणे-कल्याण परिसरातून झाली. तिचं नाव आयसियस तुकारामी, 26/11 च्या हल्ल्यात कसाबला पकडताना प्राण दिलेले सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. लाखोंच्या वस्तीच्या परिसरात विज्ञानाला अजून नाव न दिलेला कोळी राहत होता.

खोड, पानं आणि माती

रस्त्याकडेच्या झाडाच्या खोडावर करडे-पांढरे चट्टे असतात, ते रंग उडाल्यासारखे दिसतात. ती शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच मंडळींपैकी. बाटलीने चार फवारे मारा. पाहता पाहता करडा रंग हिरवट होतो, कारण वरचा थर ओला होऊन आतलं शैवाल दिसू लागतं. भिंतीवरच्या वाळलेल्या शेवाळावरही हाच प्रयोग करा. चट्ट्याभोवती पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख घाला. वर्षाला वाढ काही मिलिमीटरच असते, पुढच्या पाडव्याला उपयोग होईल.

खोडाला गाल टेकवून तिरकं पाहिलं तर सालीशी एकजीव झालेला, मागे दोन लांब शेपट्यांसारखे अवयव असलेला कोळी सापडू शकतो. मुंगी मिळाली की तो तिच्याभोवती गरगर फिरत धागा गुंडाळतो.

पानांवर तीन खुणा शोधा. टोमॅटो किंवा लिंबाच्या पानात पांढरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. रेघ जिथे अरुंद तिथे ती जन्मली, जिथे रुंद तिथे मोठी झाली, उजेडाकडे धरलंत तर टोकाशी ती स्वतः दिसेल. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे अर्धगोल म्हणजे पानकापी मधमाशी. ते तुकडे ती पिल्लांच्या खोल्यांना अस्तर म्हणून वापरते, झाडाला काही रोग झालेला नाही. आणि करंजाच्या पानांवरचे फोड, सप्तपर्णीच्या पानांवरच्या गाठी. फोड येतात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, कोळ्यांच्या नात्यातल्या माइटमुळे, गाठी रस शोषणाऱ्या एका चिमुकल्या कीटकामुळे. सप्तपर्णीची एक जुनी गाठ ब्लेडने कापून बघा.

छपराखालच्या कोरड्या, भुसभुशीत मातीत दोन-चार सेंटिमीटर रुंदीचे नरसाळ्यासारखे खड्डे दिसले तर तळाशी मुंगीसिंह आहे. काडीने एक-दोन कण खाली सोडा. मुंगी आली असं समजून तो माती उडवील. उलटा चालणारा हा जीव मोठा होऊन टाचणी नावाच्या बारीक चतुरासारखा नाजूक पंखवाला होतो.

एक रात्र

आठवड्यातली एक रात्र ठेवा, शक्यतो अमावास्येच्या आसपास, कारण चांदण्यात पतंग कमी येतात. गॅलरीत पांढरी चादर बांधून तिच्यावर पांढरा दिवा सोडा. तासभर पुरे, मग दिवा बंद, नाही तर पाल आणि सकाळचे पक्षी आयती मेजवानी करतात. पतंगांचे फोटो पंख मिटून बसल्यावर घ्या.

दुसरी युक्ती टॉर्चची. तो कानशिलाला टेकवून, नजरेच्या रेषेत, गवतावर फिरवा. दवासारखे निळसर-हिरवे ठिपके चमकतील. दव हलत नाही, हे हलतील. ते जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांचे डोळे. पायात बूट घाला, उन्हाळ्याच्या रात्री विंचू आणि साप बाहेर असतात.

वही, फोटो, ओळख

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते, म्हणजे किती लिहायचं याचा अंदाज येईल : ‘12 एप्रिल, सकाळी 7.10, ढग नाहीत. कढीपत्ता, दोरा क्र. 2. अळी 31 मिमी, हिरवी. काल 28. पाच पानं गेली. मुंगळा जवळ आला तेव्हा शिंगं काढली नाहीत. का?’ शेवटचा ‘का’ रोज हवा. उत्तर लगेच मिळालंच पाहिजे असं नाही.

फोटो चार घ्या. वरून, बाजूने, चेहऱ्याकडून, आणि चौथा ज्या झाडावर जीव आहे त्या पानाफुलांचा. चौथ्याशिवाय बऱ्याच अळ्या ओळखता येत नाहीत. मोबाइल फार जवळ नेऊ नका, थोडं मागून झूम करा आणि कोपर कुंडीवर टेकवा.

ओळखताना आधी पाय मोजा, सहा की आठ. मग गट, मग कुळ, आणि तिथेच थांबायची तयारी ठेवा. आयनॅचरलिस्टसारखं अ‍ॅप चटकन जातीचं नाव सुचवतं, पण छोट्या माश्या आणि कोळ्यांच्या बाबतीत ते नाव पुष्कळदा चुकतं, जाणकाराने दुजोरा देईपर्यंत ते कच्चंच धरा. घरातले फोटो टाकताना ठिकाण धूसर ठेवायचा पर्याय निवडा. एप्रिल अखेरीला सिटी नेचर चॅलेंज असतं, त्या चार दिवसांत जगभरातली शहरं आपापल्या नोंदी टाकतात, आपलं शहर असेल तर तुमच्याही टाका. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायत आणि नगरपालिकांना जैवविविधता समित्या नेमून लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. तुमच्या गावची वही कुठे आहे ते विचारा. तीत पक्षी आणि झाडं असतील, कुंभारीण बहुधा नसेल.

हात कुठे लावायचा नाही

केसाळ सुरवंटांना कधीच नाही. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसतात त्यांच्या केसांनी आठवडाभर खाज सुटते, आणि आंबा-नारळावरच्या हिरव्यागार काटेरी अळीचा डंख चांगलाच जळजळतो. गांधीलमाशीच्या किंवा आग्यामोहळाच्या पोळ्याजवळ टॉर्च, धूर, उग्र अत्तर नको. फुलोरी आणि पोया या छोट्या मधमाश्या शांत असतात, त्यांच्याजवळ बसता येतं. फुलपाखरं पकडून टाचून ठेवू नका, काही जातींना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि बाकीच्यांनाही जगायचंच आहे. पाण्याचं भांडं ठेवाल तर त्यात चार खडे टाका म्हणजे माश्या बुडणार नाहीत, आणि पाणी रोज बदला म्हणजे डास होणार नाहीत.

वळीव पडला तर

अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे बऱ्याच ठिकाणी वळवाची पहिली सर येते. त्या संध्याकाळी ठरलेली जागा सोडून आवारातल्या मातीकडे बघा. बारीक भोकांतून वाळवीचे पंखवाले राजा-राणी एकामागून एक निघतात, दिव्याकडे झेपावतात, जमिनीवर येतात आणि पंख तिथेच गाळून जोडीजोडीने, पुढे एक मागे एक, फट शोधत चालू लागतात. पाल, बेडूक, सरडा, कावळे, सगळे जमतात. डोकं आणि खांदे लाल झालेला सरडा या दिवसांत दिसला, तर तो नर. भोकाशी बसून दहा मिनिटांत किती बाहेर पडले ते मोजा. सकाळी व्हरांडा झाडण्याआधी पुन्हा या. पारदर्शक पंखांचा सडा पडलेला असतो आणि मुंगळे एकेक पंख उभा धरून, शिडासारखा डोलवत, घराकडे नेत असतात.